शीना रिंगोचा 'कारुकी झामेन कुरी नो हाना': हिवाळाभर ऐकल्यावर

आधीच सांगतो, अल्बमला पाच तारे, गाणी ऐकायच्या अ‍ॅपला शून्य.

शीना रिंगो ही जपानी गायिका कोण हे नव्याने सांगत बसत नाही. 'होन्नो' गाण्याच्या व्हिडिओत नर्सच्या वेशात काचा फोडणारी ती, एवढं बहुतेकांना ठाऊक असतं, आणि बरेच जण तिथेच थांबतात. मी बोलतोय ते २००३ च्या तिसऱ्या अल्बमबद्दल. यातली गाणी एकमेकांत घुसतात. एक संपलं म्हणेपर्यंत दुसऱ्याने सूर धरलेला असतो. आणि नेमकं तिथेच माझं अ‍ॅप उचकी लागल्यासारखं अडतं. अर्धा सेकंद शुकशुकाट! 'गॅपलेस' (दोन गाण्यांत खंड न पाडणारी सोय) चालू आहे, ब्लूटूथ सोडून वायर लावून झाली, तक्रारही केली. उत्तर काय, तर कॅशे साफ करा. केली. मग म्हणे वायफाय बंद करून चालू करा. महिन्याचे पैसे मात्र बिनबोभाट कापले जातात, त्यात कधी खंड नाही.

शेवटी वैतागून इथे तोक्योत जुन्या सीडींच्या दुकानातून वापरलेली प्रत उचलली, एका बेंतोच्या, म्हणजे जेवणाच्या डब्याच्या पैशांत. नवी घ्यायची तर तीन हजार येनच्या आसपास, म्हणजे प्रश्नच नव्हता. शेजाऱ्यांनी टाकायला काढलेला प्लेअर घरात पडून होता. झाकण रबरबँडने बांधावं लागतं. डिस्क घातली, घरघरली आणि इवल्याशा पडद्यावर आकडे उमटले: ११ गाणी, ४४:४४. अ‍ॅपमध्ये नुसतीच '४४ मिनिटं' दिसायची.

बाई हे मुद्दाम करतात. आधीचा अल्बम 'शोसो स्ट्रिप' ५५:५५ चा. यादीही मधोमध घडी घालावी अशी: दुसरं 'डॉपेलगँगर', शेवटून दुसरं 'पोल्टरगाइस्ट', दोन्ही काताकाना या उच्चारलिपीत, पहिलं आणि शेवटचं दोन-दोन कांजींचं (चिनी चित्राक्षरांचं), मधलं 'कुकी' एका कांजीवर एकटंच उभं. सुरुवातीला म्हटलं, हौस आहे, दुसरं काय. सीडीवर सलग ऐकायला लागलो आणि मत पालटलं. घडी फक्त कागदावर आहे. संगीत तिला जुमानत नाही. पहिल्या 'शूक्यो'त कोतो या जपानी तंतुवाद्याच्या तारांनी सुरू झालेला प्रकार 'कुकी'नंतर उतरेल असं वाटतं, तो उतरतच नाही. शेवटचं 'सोरेत्सु' तर चढतच जातं. त्यात तिचा तो जिभेवर घोळवलेला 'र', कुठल्याही शास्त्रीय बैठकीत भुवया उंचावेल असा. मी त्याच्यासाठी 'मेइसाई' पुनःपुन्हा लावतो.

तक्रार एकच. वाद्यांची इतकी दाटी आहे की स्वस्तातले इयरफोन लावले तर अर्ध्या तासात कान शिणतात. थोडे पैसे हेडफोनवर घाला. आणि तिला पहिल्यांदाच ऐकत असाल तर इथून सुरुवात करू नका, १९९९ चा 'मुझाइ मोरातोरियामु' घ्या. तिथे चाली लगेच तोंडात बसतात.

अ‍ॅपची वर्गणी या महिनाअखेर बंद करतोय. तिच्या 'तोक्यो जिकेन' या बँडचे अल्बमही सीडीवरच घेणार, अर्थात वापरलेलेच. कोणाकडे जुन्या प्लेअरचं झाकण पडून असेल तर कळवा, टपालखर्च माझा.