‘जीपीएस सपोर्टेड’ टॅबलेट: घरात पास, रस्त्यावर नापास

स्वस्त टॅबलेटमध्ये जीपीएस नसणं ही फसवणूक नव्हे. कमी किमतीत काहीतरी गाळावं लागणारच, आणि विकणाऱ्याने तसं स्पष्ट लिहिलं असेल तर तक्रारीला जागाच नाही. फसवणूक आहे ती नसलेलं जीपीएस आहे असं भासवण्यात. आणि हे भासवणं फार सोपं आहे, कारण जीपीएस नसलेला टॅबलेटसुद्धा घरात बसल्या बसल्या तुमचं लोकेशन बिनचूक दाखवतो.

मी ऑनलाइन घेतलेल्या टॅबलेटच्या जाहिरातीत ‘जीपीएस सपोर्टेड’ असं ठळक लिहिलं होतं. खाली फोटो: गाडीच्या डॅशबोर्डवर टॅबलेट, त्यावर नकाशा आणि वळणाचा बाण. मला तो त्याच कामासाठी हवा होता. घरी आल्यावर वायफाय जोडलं, नकाशा उघडला, तर निळा ठिपका थेट आमच्या इमारतीवर! एवढं दिसल्यावर शंका कोण घेणार? रिटर्नची मुदत अशीच समाधानात निघून गेली.

मग प्रवास आला. नकाशे आधीच ऑफलाइन उतरवून ठेवले होते. आम्ही निघालो आणि ठिपका घरीच राहिला. फोनचा हॉटस्पॉट दिल्यावर तो हलायला लागला, पण कधी मागच्या चौकात, कधी मुख्य रस्ता सोडून भलत्याच वस्तीत. अंदाज किती चुकू शकतो ते दाखवणारं भोवतीचं फिकट निळं वर्तुळ इतकं मोठं की त्यात अख्खा परिसर मावावा. वळण मागे पडल्यावर ‘आता उजवीकडे वळा’ अशी सूचना यायची. शेजारच्या सीटवरचा फोन मात्र त्याच वेळी गाडी नेमकी कुठल्या रस्त्यावर आहे ते बरोबर सांगत होता.

घरात तो बरोबर का दाखवत होता, ते समजलं की सगळा खेळ उघडा पडतो. आपल्या आसपासच्या प्रत्येक वायफाय राउटरला स्वतःचा एक ओळख क्रमांक असतो. कुठला राउटर कुठे आहे याची प्रचंड नोंद गूगल, ॲपलसारख्या कंपन्यांकडे असते. टॅबलेट आजूबाजूचे राउटर आणि त्यांच्या सिग्नलची ताकद कळवतो, आणि तिकडून उत्तर येतं की तू साधारण इथे आहेस. दाट वस्तीत हे उत्तर आश्चर्य वाटेल इतकं अचूक असतं. मोकळ्या रस्त्यावर राउटर नाहीत, आणि सोबत धावणारा फोनचा हॉटस्पॉट ठिकाण ठरवायला निरुपयोगी, कारण तो स्वतःच एका जागी नसतो. इंटरनेटच नसेल तर ही नोंद विचारायची कुणाला?

खऱ्या जीपीएसला यातलं काहीच लागत नाही. सुमारे 20,200 किलोमीटर उंचीवरून फिरणारे उपग्रह सतत वेळ आणि आपली जागा प्रसारित करत असतात. किमान चार उपग्रहांचे सिग्नल मिळाले की रिसीव्हर स्वतःच हिशोब करून आपलं ठिकाण काढतो. तो फक्त ऐकतो, परत काही पाठवत नाही. म्हणून त्याला ना सिम लागतं, ना डेटा, ना वायफाय. लागते ती आत बसवलेली चिप आणि अँटेना.

हे सांगायचं कारण म्हणजे विक्रेत्याच्या चॅटवर मला मिळालेली उत्तरं. पहिलं उत्तर, ‘सर, इंटरनेट चालू ठेवा.’ मग, ‘सर, नकाशाचं ॲप अपडेट करा.’ मग, ‘सर, टॅबलेट रिसेट करा.’ मी सगळं केलं. त्यानंतर त्यांनी लोकेशनचा व्हिडिओ मागितला, आणि तो घरातूनच घ्या, बाहेर उजेडात स्क्रीन नीट दिसत नाही, असंही सुचवलं. तो व्हिडिओ पाठवल्यावर तक्रार बंद: ‘लोकेशन व्यवस्थित चालू आहे.’ मला हा प्रकार अज्ञानाचा वाटत नाही. ज्याला घरातूनच व्हिडिओ मागायचं सुचतं, त्याला बाहेर काय दिसेल हे पक्कं ठाऊक असतं.

मग मी माझ्या पद्धतीने तपासलं, आणि नवा टॅबलेट घेणाऱ्या प्रत्येकाने रिटर्नची मुदत असतानाच हे करावं. मोकळ्या मैदानात किंवा गच्चीवर जा. एअरप्लेन मोड लावा. काही टॅबलेट त्यातही वायफाय चालू ठेवतात, म्हणून वायफाय आणि ब्लूटूथ दोन्ही हाताने बंद करा. लोकेशन मात्र चालू हवं. ‘जीपीएसटेस्ट’सारखं उपग्रह दाखवणारं मोफत ॲप आधीच टाकून ठेवा आणि ते उघडा. रिसीव्हर असेल तर उपग्रहांची यादी भरू लागते, प्रत्येकापुढे सिग्नलची ताकद दिसते. अमेरिकेच्या जीपीएससोबत रशियाचे ग्लोनास, युरोपचे गॅलिलिओ, चीनचे बेइडू यांचेही उपग्रह दिसू शकतात. रिसीव्हर नसेल तर यादी कोरी राहते, किंवा या उपकरणात ही सोय नाही असा संदेश येतो.

घाई मात्र करू नका. इंटरनेटची मदत नसताना पहिल्यांदा ठिकाण सापडायला वेळ लागतो, कारण उपग्रहाचा संदेश सेकंदाला फक्त 50 बिट इतक्या संथ गतीने येतो आणि जीपीएसचा तो पूर्ण संदेश 12.5 मिनिटांचा असतो. म्हणून पंधरावीस मिनिटं द्या. माझी यादी त्याहून जास्त वेळ थांबूनही कोरीच राहिली, आणि शेजारी ठेवलेल्या फोनवर उपग्रह रांगेने उभे होते. दोन्ही स्क्रीन एकत्र दिसतील असा व्हिडिओ काढून पाठवला.

यावर आलेलं उत्तर ऐकण्यासारखं आहे: ‘जीपीएस सपोर्टेड म्हणजे बाहेरून जीपीएस यंत्र जोडता येतं.’ या न्यायाने सायकलही इंजिन सपोर्टेड म्हणता येईल. मुदत संपल्यामुळे पैसे परत मिळाले नाहीत. थोड्याच दिवसांत जाहिरातीतून तो शब्द गायब झाला आणि तिथे ‘नेव्हिगेशनसाठी उत्तम’ असं आलं. जुन्या जाहिरातीचा स्क्रीनशॉट माझ्याकडे होता, म्हणून निदान खरेदीच्या संकेतस्थळाकडे तक्रार तरी नोंदवता आली. तिचा निकाल अजून लागायचा आहे. ऑर्डर देण्यापूर्वी संपूर्ण पान साठवून ठेवणं कंटाळवाणं आहे, पण ठेवा.

जाहिरातींची भाषा वाचायलाही शिकावं लागतं. ‘जी-सेन्सर’ म्हणजे टॅबलेट आडवा केला की स्क्रीन फिरवणारा सेन्सर, त्याचा जीपीएसशी संबंध नाही. ‘ए-जीपीएस’ म्हणजे इंटरनेटवरून उपग्रहांची माहिती आधीच आणून रिसीव्हरचं काम लवकर करून देणारी मदत. मूळ रिसीव्हरच नसेल तर मदत कुणाला? ‘गूगल मॅप्स चालतं’ हे तर बहुतेक टॅबलेटबद्दल खरं असतं.

सिम आहे की नाही यावरून अंदाज बांधता येतो, पण खात्री नाही. मोबाइल नेटवर्कच्या मोडेमसोबतच (सिमवरून नेटवर्क जोडणाऱ्या चिपसोबतच) जीपीएस येणं नेहमीचं, त्यामुळे फक्त वायफायच्या मॉडेलमधून मोडेमबरोबर तेही गळतं. आयपॅडचंच बघा: फक्त वायफायवाल्या मॉडेलमध्ये जीपीएस नसतं, सिमवाल्यात असतं, आणि ॲपल आपल्या माहितीपत्रकात ते उघड लिहितं. उलट 2012 सालच्या नेक्सस 7 टॅबलेटच्या फक्त वायफायवाल्या मॉडेलमध्येही जीपीएस होतं. म्हणजे सिमशिवाय ते देता येतच नाही, हे मला चॅटवर ऐकवलेलं कारणही खोटंच.

आता माझ्या टॅबलेटला ब्लूटूथने वेगळा जीपीएस रिसीव्हर जोडला आहे. त्यासाठी अँड्रॉइडच्या डेव्हलपर ऑप्शन्समध्ये ‘मॉक लोकेशन’ची, म्हणजे बाहेरून ठिकाण पुरवण्याची, परवानगी एका ॲपला द्यावी लागते, मग ते ॲप रिसीव्हरचं ठिकाण नकाशाला पुरवतं. चालतं ठीक, पण आणखी एक वस्तू चार्ज करायची आणि प्रत्येक वेळी जोडत बसायचं. शिवाय टॅबलेटमध्ये होकायंत्राचा सेन्सरही नसल्यामुळे गाडी थांबली की बाण कुठेही तोंड करून बसतो. हा खर्च धरला तर जीपीएस असलेला टॅबलेटच पहिल्यापासून परवडला असता.

विक्रेत्याला विचारायचा प्रश्न असा ठेवा, आणि उत्तर लेखीच घ्या: ‘वायफाय, ब्लूटूथ आणि मोबाइल डेटा बंद असताना हा टॅबलेट आत बसवलेल्या रिसीव्हरने उपग्रहांवरून लोकेशन काढतो का? हो की नाही?’ त्याच विक्रेत्याच्या नव्या मॉडेलबद्दल मी हे विचारून पाहिलं. उत्तर आलं, ‘नमस्कार सर, यात नकाशे खूप छान दिसतात.’