फेरो रॉड, लायटर आणि मूठभर कापूस : नऊ महिन्यांच्या वापरानंतर

गेल्या जुलैत मी फेरो रॉड, म्हणजे पट्टीने घासली की ठिणग्या उडणारी धातूची कांडी, घेतला. आठ मिलिमीटर जाड, बोटभर लांब, लाकडी मुठीचा, साडेतीनशे रुपयांचा. त्याच वेळी दोन साधे लायटर, एक जेट लायटर (जोराच्या झोतासारखी ज्योत देणारा) आणि वाऱ्यातही पेटतात म्हणून विकतात त्या काड्यांची एक डबी घेतली. घरातली काडेपेटी होतीच. मार्चपर्यंत हे सगळं खानदेशातल्या लळिंग, पाटणादेवी, तोरणमाळ आणि यावलकडच्या शेतांवर माझ्यासोबत फिरलं. आमचा पाच जणांचा गट आहे. मुक्काम असला की चूल पेटवायचं काम माझ्याकडे असतं.

पहिली खरी परीक्षा ऑगस्टमध्ये झाली. पाटणादेवीच्या अलीकडे, अभयारण्याच्या हद्दीबाहेर, ओळखीच्या एका नानांच्या शेतावर आम्ही उतरलो होतो. दोन दिवस झड लागलेली. काडेपेटी पिशवीच्या वरच्या कप्प्यात होती, ती सगळ्यात आधी गेली. काड्या कोरड्या दिसत होत्या, पण बाजूची पट्टी दमट होऊन सोलत होती. साध्या काडेपेटीतला लाल फॉस्फरस त्या पट्टीत असतो आणि पोटॅशियम क्लोरेट काडीच्या गुलात. पट्टी गेली की पन्नासच्या पन्नास काड्या वाया. मग मी मोठ्या विश्वासाने फेरो रॉड काढला. ठिणग्यांचा नुसता पाऊस पडला, पण पळसाची पानं आणि काटक्या काही धरेनात. वीस मिनिटं घासून हात भरून आला. नाना ओसरीवरून बघत होते. म्हणाले, ‘‘ताई, लाकडंच वल्ली शेतस, काडी काय करी?’’

ते उठले, गोठ्याच्या वळचणीला रचलेल्या पऱ्हाटीतून, म्हणजे कापसाच्या वाळल्या झाडांतून, आतल्या कोरड्या काड्या ओढल्या, दोन गोवऱ्या आणल्या आणि फाटक्या उशीतला मूठभर कापूस माझ्या हातावर ठेवला. कापूस पिंजून त्यावर रॉड घासला, तर तिसऱ्या ठिणगीला भडका. तोपर्यंत मी साधनांची तुलना करत होते. ठिणगी ज्यावर पडणार त्याचा विचारच केला नव्हता. आपण कापसाच्या मुलखातले, आणि जाळ धरायला मी ओली पानं गोळा करत बसले होते.

त्यानंतर कापसावर मी बरेच प्रयोग केले. दाबून बसलेला बोळा ठिणगी धरत नाही. तो ओढून, विरळ करून, तंतू सुटे दिसायला हवेत. सरकी काढलेला घरचा कापूस आणि औषधाच्या दुकानातला गुंडाळीचा कापूस, दोन्ही सारखेच चालले. नुसता कापूस भस्सकन जळून जातो, तेवढ्यात काटकी पेटत नाही. म्हणून लिंबाएवढ्या बोळ्याला हरभऱ्याएवढं व्हॅसलिन चोळते आणि एका बाजूचे तंतू कोरडे ठेवते, कारण ठिणगी तिथेच धरते. असा बोळा घड्याळ लावून पाहिला तर तीन-साडेतीन मिनिटं जळतो. औषधाच्या रिकाम्या डबीत असे सहा-सात मावतात. त्यावर आधी करंगळीहून बारीक पऱ्हाटी, मग अंगठ्याएवढी, मग लाकूड. थोरलं लाकूड घाईने ठेवलं की धूर होतो आणि डोळे चुरचुरतात.

आता रॉडबद्दल. नव्या रॉडवर काळा थर असतो, तो खरवडून काढल्याशिवाय ठिणगी पडत नाही. हे पाकिटावर कुठेही लिहिलेलं नव्हतं. सोबत आलेली पत्र्याची पट्टी इतकी बोथट होती की तिने धड ठिणगीच पडेना. वर्कशॉपमधून हॅक्सॉ ब्लेडचा तुटका तुकडा आणला, त्याच्या पाठीच्या काटकोनी कडेने उत्तम काम होतं. पट्टी पुढे ढकलू नका, ती कापसाजवळ स्थिर धरून रॉड मागे ओढा. नाहीतर हात पुढे जाऊन रचलेला ढीग उधळतो. ऑक्टोबरमध्ये मुठीतला गोंद सुटला आणि रॉड बाहेर आला. एपॉक्सीने चिकटवला, अजून टिकून आहे. एवढे पैसे घेऊन मूठ सुटावी हे मला पटलेलं नाही. पण धातू मात्र पक्का आहे. बादलीत बुडवून, पुसून लगेच घासला तरी ठिणगी पडली. नऊ महिन्यांत एका बाजूला जेमतेम खाच पडली आहे.

जेट लायटर घेऊ नका. डिसेंबरात तोरणमाळला, समुद्रसपाटीपासून अकराशे मीटरच्या वर, पहाटे तो नुसता टकटक करत राहिला. ब्यूटेन शून्याच्या किंचित खाली उकळतो. थंडीत त्याचा दाब उतरतो आणि जेटला तर दाब जास्त लागतो. साधा लायटर दोन मिनिटं मुठीत धरला आणि लागला. तो भिजला तर चाक फुंकून पँटवर चारदा फिरवायचं, की पुन्हा चालतो. गॅस संपला तरी टाकू नका. चाकाखालचा बारीक खडासुद्धा फेरोसेरियमचाच, म्हणजे रॉडच्याच मिश्रधातूचा, असतो, त्याच्या ठिणगीने पिंजलेला कापूस पेटतो, मी पेटवला आहे. मात्र आपल्याकडच्या उन्हात लायटर गाडीच्या डिकीत ठेवू नका. मार्चमध्ये माझा एक तिथेच गळून रिकामा झाला. सुदैवाने तेवढ्यावर निभावलं.

वादळी काड्या चांगल्या, पण महाग. त्या राखून ठेवते.

कापराने मला आनंद दिला आणि फसवलंही. दोन वड्या चुलीत टाकल्या की दमट पऱ्हाटीसुद्धा धरते. फक्त तो पूर्ण जळून काळा धूर जाईपर्यंत वांगी वर ठेवायची नाहीत, नाहीतर भरताला वास लागतो. पण कापूर न वितळता हवेत उडून जातो. सप्टेंबरात भरलेली ढिल्या झाकणाची डबी जानेवारीत उघडली, तर निम्मी रिकामी. आता घट्ट फिरकीच्या झाकणाची डबी वापरते.

या सगळ्यात घरातली आजोबांची चंची आठवली. तिच्यात चकमकीचं पोलाद, गिरणेच्या पात्रातली गारगोटी आणि जळका कापूस होता. संक्रांतीच्या सुट्टीत ती काढून बसले. साध्या कापसावर शंभरदा आपटूनही काही झालं नाही. फेरो रॉडची ठिणगी तीन हजार अंशांच्या आसपास जाते, पोलादाची त्याहून बरीच कमी, म्हणून तिला आधी कोळपवलेला कापूस लागतो. झाकणाला छिद्र पाडलेल्या डबीत सुती कापड घालून चुलीवर काळं होईपर्यंत ठेवलं. मग नवव्या ठिणगीला लाल ठिपका पसरत गेला. आई शेजारी बसून बघत होती. म्हणाली, आजोबा शेतात बिडी याच्यावरच लावायचे.

एवढं लिहिताना एक गोष्ट कळकळीने सांगते. अभयारण्यात मी चूल पेटवत नाही. यावल असो की गौताळा, अभयारण्याला धोका होईल असा विस्तव पेटवणं किंवा जळता सोडणं हा १९७२च्या वन्यजीव कायद्याने गुन्हा आहे. फेब्रुवारीच्या मध्यापासून पाऊस पडेपर्यंत तर मोकळ्या माळावरही नाही. सागाचा पाला इतका वाळलेला असतो की एक ठिणगी पुरते, आणि वणवा लागला तर डोंगर उतारावरच्या पाड्यांपर्यंत जातो. त्या काळात आम्ही भाकरी-चटणी घरून बांधून नेतो. इतर वेळी शेतमालकाला विचारून, तीन दगड मांडून, आणि निघताना राखेत पाणी ओतून हात ठेवता येतो का ते पाहून.

आता पिशवीत दोन साधे लायटर दोन वेगळ्या कप्प्यांत, गळ्यात दोरीने रॉड आणि कापसाची डबी एवढंच असतं. चंची मात्र येत्या आषाढात नानांना दाखवायला नेणार आहे.