एमसीआरकॉन: सहा महिन्यांच्या वापरानंतर

माइनक्राफ्ट जावा एडिशनचा सर्व्हर भाड्याच्या लिनक्स मशीनवर असेल, तर दर वेळी एसएसएच करून (म्हणजे दुरून त्या मशीनमध्ये शिरून) टीमक्स, म्हणजे आपण बाहेर पडलो तरी चालू राहणारं टर्मिनल, उघडायचं, कन्सोल शोधायचा, एक कमांड मारायची आणि बाहेर पडायचं, हे लवकरच डोक्यात जातं. एमसीआरकॉन नेमकं तेवढंच काम वाचवतं: सर्व्हरला दुरून कमांड पाठवण्याची जी आरकॉन नावाची सोय असते, तिच्यातून ते कमांड पाठवतं. सी भाषेतला छोटासा प्रोग्राम आहे. जीसीसी (कंपायलर) आणि मेक (बिल्ड टूल) असलं की मिनिटभरात तयार होतो, वेगळी लायब्ररी लागत नाही.

सर्व्हरच्या बाजूला सर्व्हर डॉट प्रॉपर्टीज फाइलमध्ये एनेबल-आरकॉन ट्रू करायचं, पासवर्ड भरायचा आणि सर्व्हर रीस्टार्ट करायचा. पासवर्ड रिकामा राहिला तर आरकॉन सुरूच होत नाही. पोर्ट 25575, खेळाचा पोर्ट 25565. टूलमध्ये मोठा पी म्हणजे पोर्ट आणि छोटा पी म्हणजे पासवर्ड, ही अदलाबदल पहिल्या आठवड्यात हमखास होते. शिवाय छोट्या पीने दिलेला पासवर्ड शेलच्या हिस्टरीत राहतो. एमसीआरकॉन-पास हा एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबल त्यासाठीच आहे, आणि तोही फक्त स्वतःला वाचता येईल अशा फाइलमधून, म्हणजे 600 परवानगी ठेवून, घ्यावा.

आता खरी मेख. आरकॉनमध्ये एन्क्रिप्शन अजिबात नाही. पासवर्डसकट सगळं उघडं जातं. त्यात सर्व्हर-आयपी रिकामं ठेवलं, आणि बहुतेक जण ठेवतातच, तर 25575 सगळ्या इंटरफेसवर ऐकत बसतो. म्हणून फायरवॉलमध्ये 25565 तेवढा उघडा ठेवा आणि आरकॉनसाठी एसएसएच टनेल, म्हणजे एसएसएचच्या एन्क्रिप्टेड जोडणीतून जाणारी वाट, घ्या: डॅश मोठा एल देऊन आपला 25575 पलीकडच्या 127.0.0.1 च्या 25575 ला जोडायचा. डॉकर वापरत असाल तर आणखी जपा, कारण डॉकरने पब्लिश केलेला पोर्ट यूएफडब्ल्यू या लिनक्स फायरवॉलच्या नियमांना वळसा घालून बाहेर उघडा पडतो.

सगळ्यात जास्त उपयोग बॅकअपला होतो. क्रम असा: सेव्ह-ऑफ (ऑटोसेव्ह बंद), सेव्ह-ऑल फ्लश (सगळं लगेच डिस्कवर), वर्ल्ड फोल्डरचा टार (एकत्र बांधलेली फाइल), मग सेव्ह-ऑन (ऑटोसेव्ह पुन्हा चालू). फ्लश चालू असताना मोठ्या वर्ल्डमध्ये खेळ क्षणभर अडकतो, म्हणून वेळ पहाटेची ठेवा. टार मध्येच फसला आणि स्क्रिप्ट तिथेच थांबली, तर सेव्ह-ऑन होतच नाही. खेळणाऱ्यांना काही कळत नाही, पण ऑटोसेव्ह बंद असतो, आणि त्यानंतर सर्व्हर क्रॅश झाला की तेव्हापासूनचं बांधकाम गेलं. स्क्रिप्टच्या सुरुवातीलाच ट्रॅप लावून बाहेर पडताना सेव्ह-ऑन सक्तीने चालवा. टूल संपताना यश-अपयश सांगणाऱ्या एक्झिट कोडवर भिस्त ठेवू नका: चुकीची कमांड दिली तरी सर्व्हर चुकीचा मजकूर परत पाठवतो आणि टूलच्या दृष्टीने काम फत्ते. उत्तराचा मजकूरच ग्रेपने (मजकूर शोधणाऱ्या कमांडने) तपासावा.

काही बारीक त्रास. स्पेस असलेली कमांड अवतरणचिन्हांत द्यावी लागते, नाहीतर प्रत्येक शब्द वेगळी कमांड ठरतो. ब्रॉडकास्ट-आरकॉन-टू-ऑप्स मुळात चालू असतं, त्यामुळे क्रॉनमधल्या (ठरल्या वेळी आपोआप चालणाऱ्या) प्रत्येक कमांडची बडबड ऑपच्या, म्हणजे सर्व्हरचे अधिकार असलेल्या खेळाडूंच्या, चॅटमध्ये उमटते. ते बंद करा.

आणि हा कन्सोल नव्हे. कोण आलं, कोण गेलं, चॅटमध्ये काय चाललंय, यातलं काही इथे दिसत नाही. त्यासाठी लॉगवर टेल (फाइलमधल्या नव्या ओळी दाखवणारी कमांड) लावून ठेवावा लागतो. सर्व्हर गोठला तर आरकॉनही उत्तर देत नाही, कारण कमांड शेवटी त्याच मुख्य थ्रेडवर चालतात. बंद पडलेला सर्व्हर तर हे टूल उठवूच शकत नाही. ते काम सिस्टमडीचं, म्हणजे लिनक्सवर सेवा सुरू-बंद करणाऱ्या व्यवस्थेचं. सिस्टमडीच्या एक्झेकस्टॉपमध्ये (सेवा थांबवताना चालणाऱ्या कमांडमध्ये) एमसीआरकॉन घालणार असाल तर पूर्ण पाथ द्या. स्टॉप पाठवून टूल लगेच परततं, वर्ल्ड मात्र अजून सेव्ह होत असतं, म्हणून जावाची प्रोसेस संपेपर्यंत थांबणारी ओळ पुढे जोडा आणि टाइमआउटस्टॉपसेक, म्हणजे थांबण्याची मुदत, 90 वरून 180 सेकंद करा.

बेडरॉकचा (माइनक्राफ्टच्या दुसऱ्या एडिशनचा) अधिकृत सर्व्हर चालवणाऱ्यांनी इथे वेळ घालवू नये, त्यात आरकॉनच नाही.