टेडीच्या पॅटर्नमधून मुलांचं आवडतं कार्टून: कपडे अंगातच विणायचे की वेगळे?

क्रोशाने खेळणी विणताना हव्या त्या कॅरेक्टरचा पॅटर्न (विणायची लिखित कृती) मिळाला नाही की आपण सगळे तेच करतो, अस्वलाचा घ्यायचा, कान टोकदार करायचे, शेपूट जोडायची, झाला कोल्हा. खरा घोळ कपड्यांचा. पोरं कॅरेक्टर कपड्यांवरून ओळखतात हो, कान थोडा वाकडा चालतो पण निळी डंगरी जरा इकडची तिकडे झाली की "हा तो नाहीये".

मी लेकीसाठी एकाच कोल्ह्याचे दोन केले. पहिल्याची डंगरी अंगातच, म्हणजे रंग बदलत. सोपं वाटतं, आणि आहेही, कारण पॅटर्नचे टाके तसेच राहतात, आधीच्या टाक्याचा शेवटचा फंदा नव्या रंगाने ओढला की झालं. रंग बदलतो तिथे एक पायरी दिसते, ती पाठीवर आली की कुणी बघत नाही. आडवे पट्टे, साधी पँट, टीशर्ट, यासाठी हीच पद्धत बरी, यात वाद नाही.

पण डंगरीला खांद्यावरून जाणारे उभे पट्टे असतात ना. गोल गोल सिंगल क्रोशे (साधा आखूड टाका) विणताना टाके सरळ एकावर एक बसत नाहीत, प्रत्येक फेरीत थोडे उजवीकडे सरकतात (डावखुऱ्यांचे उलटे). मी मोजून त्याच टाक्यावर रंग बदलत गेलो आणि दहा-बारा फेऱ्यांनी बघतो तर खांद्यावर जायचा पट्टा काखेत! उसवलं, दर दोन-तीन फेऱ्यांनी एक टाका डावीकडे घेतला, मग रेष सरळ न होता करवतीसारखी झाली. परत उसवलं. लोकर सुईखालून घेऊन एक्ससारखे टाके घातले तर तिरकेपणा कमी होतो, पण वीण घट्ट होऊन खेळणं लहान होतं, डोकं आधीच विणून झालेलं असेल तर बसा. शिवाय आतून नेलेला निळा धागा पांढऱ्यातून डोकावतो तो वेगळाच.

दुसऱ्याची डंगरी वेगळी विणली. वरचा चौकोन मागेपुढे ओळींत विणायचा, त्यामुळे तिरका जातच नाही, आणि पट्टे म्हणजे नुसत्या साखळ्या (साखळी टाके). कटकट इथेही आहे. या खेळण्यांचं डोकं अंगापेक्षा मोठं, डोक्यावरून काही जात नाही, सगळं पायाकडून चढवायचं. मी शेपटीचं भोकच विसरलो होतो, नंतर कमरेची फेरी उसवून 4 साखळ्या घातल्या. काम साधारण दीडपट होतं, माझं तरी झालं.

मूल 3 वर्षांच्या आतलं असेल तर मात्र मी कदाचित अंगातलेच कपडे करेन, सुटं काही नको, बटणं नको, डोळेही भरतकामाचेच. त्यापुढच्या वयाला, तुमचं तुम्ही बघा, पण माझी लेक दिवसभर डंगरी काढते-घालते, पहिला कोल्हा तिने अजून हातात धरलेला नाही.

वेगळे करणार असाल तर सुई अर्धा मिमी मोठी घ्या आणि टाके वाढवा, माझं अंग 36 टाक्यांचं होतं, डंगरी 42 ची बसली. पावलं जाड असतील तर पायाचं माप पावलावरून घ्या, नाहीतर अर्ध्यात अडकते.