मांडवा की दोनापावला: शिडाच्या होडीसह निवृत्ती

निवृत्तीनंतर शिडाची होडी बाळगायची असेल, तर घराआधी भरती-ओहोटी पाहावी. मुंबईसमोरच्या मांडव्याला उधाणाच्या दिवसांत पाणी चार मीटरांच्या आसपास चढते-उतरते आणि ओहोटीला उथळ जागी नांगरलेली होडी चिखलात कलते. गोव्यात दोनापावला येथे हाच फरक जेमतेम दोन मीटर असल्याने साठीनंतर होडीत चढणे-उतरणे सोपे जाते. पावसाळ्यात दोन्हीकडे शीड गुंडाळूनच ठेवावे. बांबोळीचे गोवा वैद्यकीय महाविद्यालय दोनापावल्याहून जवळ आहे, तर मांडव्याहून मोठ्या उपचारांसाठी बहुधा मुंबईच गाठावी लागते. मुलेबाळे मुंबईत असतील (आणि ती पुष्कळदा असतातच), तर २०२० पासून भाऊच्या धक्क्यावरून मोटारीसकट नेणारी रो-रो बोट मांडव्याचे पारडे जड करते. केवळ शिडाचा विचार केल्यास मी दोनापावला निवडेन.