अनदर ईडन: सावकाश खेळा, काही निसटत नाही

मोबाइलवर पाळीपाळीने लढायचे, कथेवर चालणारे जपानी धाटणीचे गेम ढिगाने आहेत. पण त्यातल्या बहुतेकांना रोज हजेरी लागते. ऊर्जा संपली की थांबा, इव्हेंटची मुदत संपायच्या आत तो पुरा करा, गिल्डमध्ये, म्हणजे खेळाडूंच्या गटात, मागे पडू नका. ‘अनदर ईडन: द कॅट बियाँड टाइम अँड स्पेस’ या सगळ्याच्या बाहेर उभा आहे. यात स्टॅमिना, म्हणजे ती संपणारी ऊर्जा, नाही, दुसऱ्या खेळाडूंशी स्पर्धा नाही, गिल्ड नाही. कथेचे भाग आणि मोठ्या उपकथा एकदा आल्या की कायम राहतात. तीन महिने गेम उघडला नाही तरी गोष्ट तिथेच थांबलेली सापडते. हा गेम घ्यावा की नाही, याचं निम्मं उत्तर एवढ्यात मिळतं.

जपानच्या राइट फ्लायर स्टुडिओजने तो एप्रिल 2017 मध्ये तिथल्या फोनांसाठी आणला. इंग्रजी आवृत्ती जानेवारी 2019 ची, आणि पुढे तो संगणकासाठी स्टीम या गेमच्या दुकानावरही आला. कथा मासातो कातो यांची आहे. 1995 चा ‘क्रोनो ट्रिगर’ आणि 1999 चा ‘क्रोनो क्रॉस’ या दोन्हींच्या कथालेखनात त्यांचं नाव आहे, आणि मुख्य धून बांधणारे यासुनोरी मित्सुदाही त्याच दोन गेमचे संगीतकार. त्यामुळे काळाच्या आरपार जाणारी ही गोष्ट कुणाची उसनी नक्कल वाटत नाही. तीस वर्षांपूर्वी सुरू केलेलं काम तेच हात पुढे नेताना दिसतात.

सुरुवात साधी आहे. बारुओकी गावच्या प्रमुखाला जंगलात दोन मुलं सापडतात, अल्डो आणि फेइने. सोळा वर्षांनी अल्डो गावाचा पहारेकरी झालेला असतो. पशुराजा गिल्डना फेइनेला पळवून नेतो आणि पाठलाग करताना अल्डो काळाच्या भगदाडात ओढला जातो. बाहेर पडतो तो आठशे वर्षं पुढे, हवेत तरंगणाऱ्या एल्झियन शहरात. तिथे त्याला शिकारी एमी भेटते, मग यंत्रमानव मुलगी रिका. पुढे शाप लागून बेडूक झालेला तलवारबाज सायरसही सोबत येतो. कथा तीन काळांत फिरते: इसवी सन 300 चा वर्तमान, 1100 चं भविष्य आणि वीस हजार वर्षांपूर्वीचा प्राचीन काळ. याहून जास्त सांगणं अन्यायाचं ठरेल. एवढं मात्र सांगायला हवं, की पहिले काही तास ओळखीच्या वाटेने जातात. ‘बहिणीला सोडवायला निघालेला भाऊ’ एवढंच पाहून गेम काढून टाकणारे पुष्कळ आहेत, आणि त्यांची घाई झाली असं म्हणावं लागतं. गिल्डनाची बाजू कळायला लागते तिथून गोष्टीला वजन येतं. पशूंशी माणसं कशी वागली, भविष्यातलं शहर कशाच्या जोरावर तरंगतं, हे धागे शेवटी अल्डोच्या जन्मापर्यंत जाऊन पोचतात. मुख्य कथेचा पहिला भाग एका अख्ख्या जपानी रोल-प्लेइंग गेमइतका मोठा आहे, आणि तो पैसे न देता पूर्ण होतो.

चालणं-फिरणं बाजूने दिसणाऱ्या सपाट रस्त्यांवर आहे. बोट डावीकडे किंवा उजवीकडे ओढायचं, आणि बाण दिसेल तिथे वर-खाली सरकवून मागच्या किंवा पुढच्या वाटेवर जायचं. शत्रू अचानक समोर येतात. काही दांडगे शत्रू मात्र मैदानात उघड उभे असतात. त्यांना सुरुवातीला हात लावू नका. आसपासच्या शत्रूंपेक्षा ते फार वरच्या पातळीचे असतात आणि एका फेरीत अख्खा चमू झोपवतात. नंतर परत या, बक्षीस चांगलं असतं.

आता लढाई. पुढे चार जण, मागे राखीव दोन. पुढच्या चौघांची चाल निवडायची आणि मग सगळ्यांच्या चाली वेगाच्या क्रमाने होतात. आग, पाणी, वारा, माती ही मूळ तत्त्वं. शिवाय वार कापणारा, भोसकणारा की ठेचणारा हेही मोजलं जातं. फटका बसताच आकड्याशेजारी ‘वीक’ (कमकुवत), ‘रेझिस्ट’ (विरोध) किंवा ‘अ‍ॅब्जॉर्ब’ असा शब्द दिसतो. पहिल्या फेरीत प्रत्येकाकडून वेगळ्या तत्त्वाचा वार करून हे शब्द वाचून घ्या. नवे खेळाडू अडकतात ते बहुधा इथेच: सगळ्यात मोठा आकडा देणारं कौशल्य दाबत राहतात आणि शत्रू त्याच तत्त्वावर पोसला जात असतो.

राखीव दोघांना अनेक जण मेलेल्यांच्या जागी भरायची माणसं समजतात. त्यांचं खरं काम वेगळं आहे. मागे बसलेल्याचा एचपी (जीव) आणि एमपी (कौशल्यांना लागणारी शक्ती) दर फेरीला थोडा भरतो, म्हणून लांब गुहेत माणसं आलटून-पालटून मागे पाठवली की एमपीची चणचण भासत नाही. शिवाय मागचा माणूस पुढे येताना त्याचा ‘व्हेलर चँट’ लागू होतो. कुणाच्या चँटने त्या फेरीपुरती सगळ्यांची ताकद वाढते, कुणाच्या चँटने एखाद्या तत्त्वापासून बचाव मिळतो. अदलाबदल फेरीच्या सुरुवातीलाच होते, त्यामुळे फायदा त्याच फेरीत बाकीच्या तिघांना मिळतो. बॉस, म्हणजे टप्प्याच्या शेवटचा बडा शत्रू, मोठा वार करणार असं दिसलं की बचावाचा चँट असलेला माणूस त्याच फेरीत पुढे आणायचा, ही सवय पहिल्या दहा तासांत लावून घ्या.

खरी मजा ‘अनदर फोर्स’मध्ये आहे. वार करताना वरची पट्टी भरत जाते, आणि कमकुवत तत्त्वावर मारलं तर भराभर भरते. ती वापरली की शत्रूचा वेळ थांबतो आणि पट्टी संपेपर्यंत तुमचे चौघेच मारत राहतात. या वेळात एकाच तत्त्वाचे किंवा एकाच प्रकारचे वार सलग केले तर नुकसानीचा गुणाकार चढत जातो. म्हणून आग, पाणी, परत आग असं मिसळण्यात अर्थ नाही. एक तत्त्व धरा आणि तेच पटापट दाबत राहा. पट्टी एका लढाईतून दुसऱ्या लढाईत तशीच जाते, तेव्हा बॉसच्या दारापाशी पोचण्याआधी साध्या शत्रूंवर ती पूर्ण भरून ठेवा.

इथे एक खाचखळगा आहे, आणि गेम तो आधी सांगत नाही. पुष्कळ मोठ्या बॉसना एचपीचा अडसर असतो. ठरावीक टक्क्यांवर एचपी आला की त्या फेरीत तो त्याखाली जातच नाही. तुमचा लाखाचा फटकाही तिथेच अडतो. मग बॉस रूप बदलतो, स्वतःची ताकद वाढवतो किंवा सगळ्यांवर एकदम कोसळतो. अडसराच्या जरा वर असताना अनदर फोर्स उडवला तर तीन-चार फटक्यांत अडसर येतो आणि उरलेली सगळी पट्टी वाया जाते. योग्य क्रम असा: साध्या वारांनी अडसरापर्यंत आणा, त्याचा कोप बचावाच्या चँटवर झेला, आणि पुढच्या फेरीत पूर्ण पट्टीने मारा. कथेतला एखादा बॉस हरत नसेल तर पातळी वाढवत बसण्याआधी हा क्रम तपासा.

हत्यारांची पद्धत लक्षात यायला वेळ लागतो. शत्रूंकडून मिळालेले पंख, नखं, कवचं लोहाराकडे दिली की दुकानात नवी हत्यारं येतात. प्रत्येक नव्या गावात पोचताच पिशवी रिकामी करा. हत्यार एक गाव मागचं असेल तर नुकसानीचा आकडा लगेच घसरतो. खाणावळीत मुक्काम केला की एक शिदोरी मिळते. एका वेळी एकच बाळगता येते, गुहेच्या मध्यावर ती उघडली की चमू सावरतो, आणि बॉसच्या आधीच्या खोलीपर्यंत ती राखून ठेवणं शहाणपणाचं. लढाईत मिळालेले एपी (कौशल्यगुण) कौशल्यांच्या पटावर खर्च करायला विसरू नका. ते आपोआप खर्च होत नाहीत, आणि कथेत रमलेले खेळाडू कित्येकदा पन्नास-पन्नास गुण तसेच साठवून बसलेले असतात.

आता पैशांचा विषय. पात्रं गाचामधून, म्हणजे नशिबाच्या सोडतीतून, येतात. दहा जणांच्या सोडतीला 1000 क्रोनोस स्टोन लागतात. हे स्टोन कथा आणि उपकथा पुऱ्या करून मिळत राहतात, विकतही घेता येतात. काही सोडती फक्त विकतच्या स्टोनवर चालतात, तेव्हा खरेदीआधी शंभरदा वाचा. सोडतीच्या पानावर शक्यतेची टक्केवारी दिलेली असते, तीही बघा. नाव भुरळ घालणारं असलं तरी पाच ताऱ्यांचं, म्हणजे वरच्या दर्जाचं, पात्र येण्याची शक्यता लहानच असते, आणि हवं ते एकच पात्र मिळवायला निघालात तर साठा संपून हात रिकामे राहू शकतात. आमचं मत स्पष्ट आहे: पहिल्या भागासाठी एक रुपयाही घालू नका. अल्डो, एमी, रिका, सायरस, गिल्डना आणि हेलेना हे कथेतूनच मिळतात, आणि तेवढ्यांवर कथा पार होते. चांगलं पात्र लागेपर्यंत गेम पुन्हा पुन्हा सुरू करण्याचा खटाटोपही नको, त्यात गोष्टीची गोडी जाते.

बऱ्याच चार ताऱ्यांच्या पात्रांना पाच ताऱ्यांवर नेता येतं, पण त्यासाठी त्या त्या पात्राचे ग्रंथ लागतात. ते ‘अनदर डंजन’मध्ये मिळतात आणि आत जायला हिरव्या किंवा लाल किल्ल्या लागतात. किल्ल्या ठरावीक वेळाने मिळतात, म्हणजे स्टॅमिनाची सावली इथे थोडी पडतेच. ग्रंथ नशिबाने पडतो. एखाद्या आवडत्या पात्राचा ग्रंथ आठवडेच्या आठवडे येत नाही, आणि या गेमवरचा आमचा सगळ्यात मोठा राग हाच आहे. तेच पात्र सोडतीत पुन्हा आलं तर त्याचे प्रकाश किंवा छायेचे गुण वाढतात. हे गुण जास्त असलेला चमू अनदर डंजनमध्ये नेला की बक्षीस मिळण्याची शक्यता वाढते, तेव्हा तिथे जाताना ताकदीपेक्षा हे गुण बघून माणसं निवडा.

कथेचा पहिला भाग संपल्यावर लढाईचं गणित बदलतं. पात्रांना जोडून त्यांची ताकद वाढवणारे ‘ग्रास्ता’ नावाचे जोडखडे येतात. विषबाधा किंवा वेदना झालेल्या शत्रूवर जास्त नुकसान करणारे ग्रास्ता सगळ्यात कामाचे, म्हणून विष आणि वेदना लावणारा एक माणूस चमूत कायम ठेवा. मग ‘झोन’ येतात. रणांगणावर आगीचा झोन उघडला की आगीचे वार वाढतात आणि बाकीचे कमी होतात. त्यामुळे चार तत्त्वांचे चार वीर ही सुरुवातीची रचना मागे पडते आणि एका तत्त्वाभोवती अख्खा चमू बांधावा लागतो. हौसेने डोकं चालवणाऱ्यांना हे फार आवडेल. फक्त गोष्ट वाचायला आलेल्यांनी कठीण बॉस सोडून पुढे जावं, कथेला त्यांची गरज पडत नाही.

उपकथांमध्ये ‘टू नाइट्स अँड द होली स्वोर्ड’ आणि भविष्यातल्या शाळेत घडणारी ‘आयडीए स्कूल’ आधी घ्या. त्यातली पात्रं ठसठशीत आहेत. दुसऱ्या गेमशी केलेले सहयोगही कायम आहेत: ‘पर्सोना 5’चे जोकर आणि मॉर्गाना, ‘टेल्स’ मालिकेतले क्रेस, युरी, मिला, वेल्व्हेट आणि ‘क्रोनो क्रॉस’चे सर्ज, किड, हार्ले. ही पात्रं सोडतीतून नाही, कथा खेळून फुकट मिळतात. ‘क्रोनो क्रॉस’चा सहयोग 2021 च्या डिसेंबरमध्ये आला. मूळ गेम खेळलेल्यांनी तो चुकवू नये.

उणिवा आणखी आहेत. जुन्या उपकथांत ‘याला भेट, त्याला भेट, परत ये’ अशी धावाधाव फार आहे. मजकूर सगळा इंग्रजीत, मराठी-हिंदी काही नाही, आणि संवाद भरपूर. इंग्रजी वाचनाचा सराव नसलेल्या मुलांना हा गेम जड जाईल. इंटरनेट लागतंच, त्यामुळे रेंज येत-जात असलेल्या घाटातल्या प्रवासात त्याच्या भरवशावर राहू नका. चित्रं सुंदर, हाताने रंगवल्यासारखी. संगीत त्याहून सुंदर. बारुओकीची धून इअरफोन लावून ऐका.

उतरवताना स्टोअरवरचा आकार पाहून फसू नका. मुख्य डेटा गेम उघडल्यावर उतरतो, आणि प्रत्येक मोठ्या अपडेटला पुन्हा. वायफाय असताना उघडा, फोनमध्ये काही जीबी मोकळे ठेवा.

आणि पहिल्याच दिवशी मेनूतून डेटा ट्रान्सफरचा कोड व पासवर्ड तयार करून फोनबाहेर कुठेतरी लिहून ठेवा. फोन हरवला तर खातं परत मिळवायला तोच कामी येतो. अँड्रॉइडवरून आयफोनवर जाणार असाल तर विकत घेतलेले स्टोन आधी वापरून संपवा. पात्रं आणि कथा तुमच्याबरोबर येतात, विकतचे स्टोन जुन्या फोनवरच राहतात.