अ‍ॅक्वापोनिक्स किट (खाली टाकीत मासे, वर त्यांच्याच पाण्यावर भाजी), १० महिने वापरून झालं, आता लिहितो

२०० लिटरची टाकी, तिच्यावर ३ बाय २ फुटांचा वाफा, पंप, बेल सायफन, पाणी तपासायचं किट आणि माशांच्या खाद्याचं एक पाकीट, सगळं मिळून १९ हजार ५००. कंपनीचं नाव लिहीत नाही, पंप बदलून द्यायचं बोलणं अजून चालू आहे. आम्ही अलिबागच्या पुढे राहतो, किट पडवीत ठेवलंय, सकाळी ४-५ तास ऊन येतं.

आधी चांगलं सांगतो. टाकी दणकट आहे, आणि सायफन तर मस्तच, म्हणजे पंप पाणी वर वाफ्यात चढवतो, वाफा भरला की सायफन ते एका दमात खाली ओढून घेतो, दर १५-२० मिनिटांनी असा आवाज येतो की आई म्हणते टाकीला ढेकर आला. मुळांना पाणी पण मिळतं आणि हवा पण. १० महिन्यांत एकदाच अडकला, तोही आत गोगलगाय गेली म्हणून.

आता मनस्ताप. माणूस बसवून गेला आणि म्हणाला दुसऱ्या दिवशी मासे सोडा. सोडले १२ गोल्डफिश, आठवड्यात ९ गेले. लेक दोन दिवस जेवली नाही. मग मी वाचायला बसलो तेव्हा कळलं की माशांच्या घाणीतून अमोनिया होतो, त्याचं आधी नायट्राइट आणि मग नायट्रेट करणारे बॅक्टेरिया वाफ्यात बसायलाच ४ ते ६ आठवडे लागतात, आणि झाडं मुख्यतः ते नायट्रेट खातात. तोपर्यंत टाकी म्हणजे विषाचा डबा. ही एक गोष्ट कागदावर लिहून दिली असती तर काय बिघडलं असतं? तपासायचं किट डब्यात आहे पण कशासाठी ते कुठेच लिहिलेलं नाही. नगरपालिकेचं पाणी असेल तर क्लोरीन उडायला एक दिवस उघडं ठेवायचं, हे पण माझं मलाच शोधावं लागलं.

दुसरं म्हणजे खडी. किटबरोबर पांढरी शुभ्र खडी आली, दिसायला झकास. पालक लावला तर कोवळी पानं पिवळी, शिरा तेवढ्या हिरव्या. फोन केला तर म्हणे लोहाचं औषध घ्या, ४५० रुपये. घेतलं, टाकलं, फरक शून्य. शेवटी खडीवर व्हिनेगर ओतून बघितलं तर फसफसली. संगमरवर! ती विरघळत राहते, पीएच (पाणी आम्लधर्मी की अल्कलीधर्मी याचं माप, ७ म्हणजे मधलं) ८ च्या वर चढवते, आणि तिथे लोह असून झाडाला घेता येत नाही. मग क्रशरवरनं आपली साधी काळी खडी आणली, २० एमएम, सहा पाण्यांनी धुतली आणि भरली. महिन्यात पीएच ७.२ आणि पालक काळाभोर. बहुतेक महाराष्ट्रात हा काळा दगड, बेसाल्ट, पडलाय आणि हे लोक संगमरवर विकतात.

गंमत म्हणजे पुढे बॅक्टेरियांच्या कामानेच पीएच हळूहळू उतरत ६.३ वर आला, तेव्हा त्याच संगमरवराचं मूठभर पुरचुंडीत बांधून टाकीत सोडलं आणि ठीक झालं. औषध म्हणून चांगलंय, वाफा भरायला नाही.

लाइट. जूनमधल्या वादळात ९ तास गेली, पंप बंद, मासे वर येऊन तोंड वासायला लागले. मी आणि बायको आळीपाळीने तांब्याने पाणी उंचावरून ओतत बसलो. दुसऱ्या दिवशी मत्स्यालयाच्या दुकानातून ६०० रुपयांचा बॅटरीवरचा एअर पंप आणला. तो किटमध्येच पाहिजे.

आणि आता खाऱ्या पाण्याचा किस्सा. मे महिन्यात आमच्या विहिरीचं पाणी मचूळ होतं, ते टाकीत भर घालायला वापरलं तर घेवडा आठवड्यात करपला, पालक मात्र तग धरून होता. कंपनीला विचारलं तर म्हणे मग आमचं समुद्राच्या पाण्याचं मॉडेल घ्या, ३२ हजार, जिताडा पाळा. भाजी कुठली येईल विचारलं तर सॅलिकॉर्निया, म्हणजे खाऱ्या चिखलात उगवणारी वनस्पती. अरे समुद्राच्या पाण्यात लिटरला ३५ ग्रॅम मीठ, त्यात मेथी-पालक येणार नाही हे कबूल, पण ती खाडीतली खारट काडी विकत घेणारं गिऱ्हाईक कुठेय ते पण सांगा की. हॉटेलवाला आधी बांधून ठेवला असेल तर वेगळी गोष्ट. आणि जिताडा आम्हाला शिकवू नका, आमच्याकडच्या खारेपाटात (खाडीकाठच्या खारवट जमिनीच्या पट्ट्यात) घराजवळच्या तळ्यात तो पिढ्यान् पिढ्या पाळतात. गोड्या, खाऱ्या दोन्ही पाण्यात जगतो हे खरं, पण मोठा लहानाला गिळतो, आणि २०० लिटरमध्ये तो ठेवणं म्हणजे पडवीत बैल बांधणं. मी पन्हळीला पिंप लावून पावसाचं पाणी साठवलं, आठवड्याला १०-१२ लिटरच भर लागते, काम झालं.

"खत नाही, भाजी फुकट आणि मासे खायला" ही जाहिरात डोक्यातून काढा. माशांचं खाद्य हेच खत, आणि ते विकतच आणावं लागतं. मासे खायचे म्हणाल तर माझ्याकडे आता ८ कोई (शोभेचे मासे) आहेत, त्यांना लेकीने नावं ठेवलीत, आई मांदेली बाजारातूनच आणते. गिफ्ट तिलापिया (तिलापिया माशाची सुधारित जात) पाळायचा विचार असेल तर त्याला सरकारी परवानगी लागते, किटवाला ते सांगत नाही.

भाजीचं म्हणाल तर पालक तीन आठवड्यांनी कापतो, पुदिना आवरत नाही, अळूची पानं तर ताटाएवढी, वडीसाठी शेजारी मागून नेतात. टोमॅटोला फुलं आली आणि गळली. कीड पडली तर फवारणी विसरा, खाली मासे आहेत, हाताने वेचायची.

टाकी आणि सायफनला ५ पैकी ४, माहितीपत्रकाला ०, सर्व्हिसला १ तो फोन उचलतात म्हणून. हेच सगळं निळं पिंप कापून ७-८ हजारांत होतं, प्लंबर ओळखीचा असेल तर तेच करा. पांढरी खडी दीड पोतं शिल्लक आहे, कुणाला कुंड्यांत पसरायला हवी असेल तर घेऊन जा, पैसे नकोत.